बर्ड रॉकची तिन्हीसांज

पाण्यात उतरण्याआधी या प्रवासाची रीत समजून घ्या. इथे काळ मागे जातो तो अंगावरच्या वस्तू उतरवून. एक वस्तू काढून ठेवली की तुम्ही काही वर्षं मागे. जागा सहसा बदलत नाही. लॉस एंजेलिसच्या किनाऱ्यापासून सुमारे 35 किलोमीटरवर सांता कॅटलिना नावाचं लांबट, डोंगराळ बेट आहे. त्याची कंबर जिथे सगळ्यांत बारीक होते तिथे इस्थमस कोव्ह हे छोटं आखात, आणि आखातासमोर पाण्यातून डोकं वर काढून बसलेला एक कातळ, बर्ड रॉक. समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेनं तो लांबूनच पांढरा दिसतो. विष्ठेचा विषय पुढे पुन्हा निघणार आहे, त्यामुळे आत्ताच नाक मुरडू नका. वेळही ठरलेली आहे, दिवस मावळायच्या तासभर आधीची.

सुरुवात 2015 च्या सप्टेंबरात.

अंगावर निओप्रीनचा जाड पोशाख, पाठीवर हवेची टाकी, मनगटावर डाइव्ह कॉम्प्युटर, हातात टॉर्च. बोटीच्या काठावरून तुम्ही पाठमोरे पडता आणि पहिल्यांदा जाणवतं ते हे की पाणी कोमट आहे. इथलं पाणी असं नसतं. गेल्या वर्षीपासून ईशान्य प्रशांत महासागरात गरम पाण्याचा एक प्रचंड पट्टा ठाण मांडून बसलाय, शास्त्रज्ञ त्याला ‘ब्लॉब’ म्हणतात, आणि यंदा त्यात एल निन्योची भर पडली आहे. त्याची झळ बसलीय ती केल्पला. केल्प म्हणजे तळाच्या खडकाला घट्ट धरून थेट पृष्ठभागापर्यंत वाढणारं राक्षसी समुद्रशैवाल. सगळं मनासारखं जुळून आलं तर ते दिवसाला अर्धा मीटरही वाढतं. पण त्याला थंड, खनिजांनी समृद्ध पाणी लागतं. यंदा त्याच्या पट्ट्या विरलेल्या, कडा झिजलेल्या, आणि एरवी हिरव्यासोनेरी अंधाराचं जंगल असतं तिथे बराच उजेड आहे.

आठ-दहा मीटरवर पोचलात की समोर येतो तो गॅरिबाल्डी. भडक नारिंगी, अंगानं भरलेला, स्वतःच्या खडकाच्या तुकड्यावर कुणी पाऊल टाकू नये म्हणून तुमच्या मुखवट्यापर्यंत धावून येणारा. 1995 मध्ये कॅलिफोर्नियानं याला राज्याचा सागरी मासा म्हणून जाहीर केलं. पोस्टरवर शोभतो, हे खरं. तुम्हीही दोन मिनिटं त्याच्याकडेच बघत राहता, सगळे बघतात.

आता मान वर करा. तुमच्या आणि पृष्ठभागाच्या मधल्या पाण्यात काळपट निळ्या माशांचा एक भलामोठा घोळका तरंगतोय. शेकडो असतील, कदाचित हजाराच्या वर. रंग पाटीसारखा, पाठीच्या मागच्या अर्ध्या भागावर आणि परांवर काळे ठिपके, बास. मोठ्यात मोठा 30 सेंटीमीटरपर्यंत जातो, बहुतेक वीतभर. हा गॅरिबाल्डीचाच चुलतभाऊ, एकाच कुळातला. मालवणला सिंधुदुर्गाच्या तटाखाली तोंडावर मुखवटा चढवून तुम्ही कधी पाण्यात डोकावला असाल, तर पिवळसर अंगावर काळे उभे पट्टे असलेले जे मासे पावाच्या तुकड्यासाठी अंगाशी येतात, तेही याच कुळातले. हे सगळं कुळ उष्ण समुद्रांतल्या प्रवाळांचं. त्यातली थोडी घराणी समशीतोष्ण पाण्यातल्या खडकांवर येऊन स्थिरावली, त्यांतलं हे एक. शास्त्रीय नाव क्रोमिस पंक्टिपिनिस. इथले मच्छीमार त्याला ब्लॅकस्मिथ म्हणतात, लोहार.

घोळक्याच्या कडेचा एक मासा निवडा आणि फक्त त्याच्याकडे बघा. तोंड प्रवाहाकडे, शेपूट जवळपास स्थिर, छातीचे पर मात्र सतत वल्ह्यासारखे चाललेले. डोळा खोबणीत किंचित फिरतो. मग तोंड अचानक नळीसारखं पुढे येतं आणि मिटतं. तुम्हाला काहीच दिसलं नाही, पण त्याच्या तोंडात कोपेपॉड नावाचा एक तरंगता जीव गेलाय, तांदळाच्या कणीहून लहान. हा मासा पाणी गाळून खात नाही. तो एकेक कण टिपतो, बघून, नेम धरून. पुन्हा डोळा फिरतो, पुन्हा नळी. दिवसभर हेच. शेजारच्या माशाचं तेच, त्याच्या शेजारच्याचं तेच. प्रवाह ज्या बाजूनं खडकाकडे येतो त्या बाजूला हा घोळका दाटतो. प्रवाह उलटला की सगळे उठून दुसऱ्या टोकाला. सँटा बार्बराजवळच्या नेपल्स रीफवर रिचर्ड ब्रे नावाच्या जीवशास्त्रज्ञानं हे नीट पाहून 1981 मध्ये प्रसिद्ध केलं. प्रवाहाच्या तोंडावर तरंगते जीव भरपूर मिळतात, म्हणून मासे तिथे. पाणी त्यांच्यामधून पार होईस्तोवर त्यातले बरेच जीव टिपले गेलेले असतात.

घोळक्यात खालच्या बाजूला, खडकाला धरून, बोटाएवढी पिल्लंही आहेत. पुढचा अर्धा निळसर राखाडी, मागचा अर्धा पिवळा. दोन वेगळ्या माशांचे तुकडे जोडल्यासारखी दिसतात. यंदा ती खूप आहेत. केल्पचा जीव मेटाकुटीला आलाय, पण ब्लॅकस्मिथला गरम वर्षं मानवतात. ज्या वर्षी पाणी तापतं त्या वर्षी उत्तरेकडे, मॉन्टेरेच्या बाजूलाही तो दिसू लागतो.

सूर्य कलला. खाणं थांबलंय हे तुमच्या लक्षात येतं तेव्हा घोळका आधीच खाली सरकू लागलेला असतो. पण मनगटावरचा कॉम्प्युटर पिरपिर करायला लागलाय, वेळ भरली म्हणतो. तो काढून टाका.

1980. पाणी थंड, केल्प दाट. पुढच्याच दोन-तीन वर्षांत एक मोठा एल निन्यो येऊन या जंगलाची दाणादाण उडवणार आहे, पण आज इथे कुणाला त्याची वार्ता नाही. मनगटावर साधं घड्याळ आणि खोली दाखवणारी तबकडी. किती वेळ खाली राहायचं ते कोष्टकात बघून, बोटीवर पाठ करून आलात. हातातला टॉर्च पिवळट आणि जड.

इथे जरा जास्त थांबा, कारण बघण्यासारखं जे आहे ते इथेच आहे.

घोळका उतरू लागतो. एकदम नाही, धारा लागतात. पाच-पन्नास मासे एका मागून एक, तिरपे, खडकाच्या दिशेनं. कपारीपाशी आले की वेग कमी होतो, थोडी धक्काबुक्की होते, एखादा आत शिरून परत बाहेर येतो, दुसरं भोक बघतो. पंधरा-वीस मिनिटांत मधलं पाणी रिकामं. दिवसभर ज्या जागेत हजार मासे होते तिथे आता तुमचे बुडबुडे आणि केल्पची पानं. टॉर्च कपारीत धरलात तर आत दाटीवाटीनं पाठी दिसतात, एका भोकात तीन-चार, कुणाचं तोंड आत तर कुणाची शेपूट बाहेर. अंगाला अंग घासतंय, कुणी हलत नाही. बाहेर केल्प बास आणि समुद्रसिंह अंधारात फिरतात, त्यांच्यापासून ही सुटका. रात्रीचे तरंगते जीव टिपणं यांचं काम नाही. ते काम करणारे दुसरे मासे आत्ता जागे होतायत.

आणि आता विष्ठा.

दिवसभर खाल्लेलं पोटात आहे. कपारीत शिरल्यावर ते हळूहळू बाहेर पडू लागतं, बारीक फिकट तंतू, भोकाच्या तळाशी साचणारे. टॉर्च खाली वळवा. कोळंबीच्या जातीचे छोटे तांबडे जीव पाय टाकत येतात, ठिसूळतारे सोंडेसारखे हात बाहेर काढतात, गोगलगायी, किडे. जेवण मांडलेलं आहे. ब्रे आणि त्याचे सहकारी मिलर व गीसी यांनी याचं वजन केलं. 1981 मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात त्यांचा निबंध आला. या माशांच्या निवाऱ्याच्या जागांत दर चौरस मीटरला रात्रीला सरासरी 23 मिलिग्रॅम कार्बन विष्ठेतून पडतो, वर्षाला सुमारे 8 ग्रॅम. आकडा वाचून कुणाला गंमत वाटेल. पण हा कार्बन इथला नाही, हे त्यातलं खरं. तो मोकळ्या समुद्रातून आलेला आहे, प्रवाहाबरोबर असाच पुढे निघून गेला असता. माशानं तो अडवला, पोटात घालून रात्री खडकात आणून टाकला.

आपल्याकडे हे कुणाला समजावून सांगावं लागणार नाही. सुगी झाली की देशावर धनगराचा कळप शेतात बसवतात. मेंढरं दिवसभर माळावर, गायरानावर चरून येतात आणि रात्री शेतात बसतात. सकाळपर्यंत लेंड्या आणि मूत रानात. शेतकरी त्याबद्दल धान्य देतो, पैसे देतो, आणि कळप आज याच्या रानात बसवायचा की त्याच्या यावरून वादही होतात. बर्ड रॉकवर हा कळप रोज बसतो, कुणी बोलावत नाही, कुणी मोबदला देत नाही. आणि लेंड्यांबरोबर मूतही आहेच. पुढे 1986 मध्ये ब्रे आणि त्याच्या सोबत्यांनी त्याचाही हिशेब मांडला. हे मासे रात्री कपारीत अमोनियम सोडतात, म्हणजे नत्र, शैवालाला लगेच घेता येईल अशा रूपात. उन्हाळ्यात वरच्या पाण्यातलं नत्र संपत आलेलं असतं, तेव्हा खडकावरच्या शैवालांना ही आयती पुरवणी.

मला विचाराल तर समुद्राच्या अभ्यासातला हा फार मोलाचा आणि फार कमी सांगितला गेलेला शोध आहे. कारण उघड आहे. शार्कच्या दातांवर माहितीपट निघतात, माशाच्या शौचावर कोण काढणार? पण खडकावर एवढी जीवसृष्टी कशाच्या बळावर जगते हे विचारायला गेलात, तर उत्तर बरंचसं या कपारीतून निघतं.

हात गारठले. टॉर्च आणि खोलीची तबकडी उतरवा.

1955. पाठीवर ॲक्वालंग. तोंडातून दोन जाड रबरी नळ्या खांद्यांवरून मागे जातात. हवा किती उरलीय ते सांगणारा काटा नाही. ओढताना जड वाटू लागलं की हात मागे नेऊन एक दांडी खाली खेचायची, म्हणजे राखीव हवा सुरू होते, आणि मुकाट्यानं वर यायचं. निओप्रीनचे पोशाख आत्ता कुठे बाजारात येतायत, तुमचा ओबडधोबड आहे, काखेत पाणी शिरतं.

हे तंत्र इतकं नवं आहे की पाण्याखाली पोटभर बसून मासे बघणारी माणसं या किनाऱ्यावर बोटांवर मोजण्याइतकी. त्यांतला एक कॉनराड लिंबॉ. ला होयाच्या स्क्रिप्स संस्थेत पाणबुड्यांचा कार्यक्रम तो सांभाळतो. आजवरच्या जीवशास्त्रज्ञांनी मासे पाहिले ते जाळ्यात, बाजारात, बरणीत. लिंबॉ ते घरी असताना बघतो. गॅरिबाल्डी आणि ब्लॅकस्मिथ या दोघांच्या आयुष्यक्रमावर तो टिपणं करतोय.

तुम्ही केल्पच्या कडेला थांबता. घोळक्याच्या एका कोपऱ्यात काहीतरी बिघडल्यासारखं दिसतं. दहा-बारा ब्लॅकस्मिथ गोळा झालेत आणि पोहणं सोडून दिलंय. एक डोकं खाली करून उभा लटकलेला, दुसरा आडवा कलंडलेला, तिसऱ्याचे सगळे पर ताठ पसरलेले. मेलेत की काय! जवळ सरका. गोळ्याच्या मधोमध एक निमुळता, पिवळसर तपकिरी मासा फिरतोय, सेन्योरिटा, तोंड अगदी लहान, दात पुढे आलेले. एकाच्या कल्ल्याखाली टोच, परापाशी टोच, शेपटीच्या मुळाशी टोच. अंगाला चिकटलेले परजीवी ती वेचून खाते. तिचं मन भरलं, ती निघाली, तर अख्खा घोळका तिच्या पाठी, पुढे जाऊन पुन्हा वाटेत डोकं खाली करून लटकलेला. इतकी गर्दी की सेन्योरिटा दिसेनाशी होते.

लिंबॉनं या साफसफाईवर लिहिलेला लेख ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये 1961 च्या ऑगस्टात छापून आला, तो पाहायला तो नव्हता. 1960 च्या मार्चमध्ये फ्रान्समध्ये कासीजवळ पोर मियू इथल्या पाण्याखालच्या गुहेत तो गेला आणि परतला नाही. ब्लॅकस्मिथवरचा निबंध आला 1964 मध्ये. बहामात एका छोट्या प्रवाळावरून साफसफाई करणारे मासे त्यानं काढून टाकले होते, तेव्हा बाकीचे मासेही तिथून हटू लागले, असं तो लिहून गेला. इतरांनी पुढे तसेच प्रयोग केले तर काहींना तो परिणाम दिसला नाही, आणि वाद बराच काळ चालला. मग बऱ्याच वर्षांनी ऑस्ट्रेलियात दीर्घकाळ केलेल्या प्रयोगांनी त्याच्या बाजूला वजन टाकलं. माझ्या मते लिंबॉचा निष्कर्ष घाईचा होता, पण नजर घाईची नव्हती.

निघण्याआधी खडकाच्या पोटातली ती पोकळी बघा, उन्हाळा आहे म्हणून. एका ब्लॅकस्मिथ नरानं आतला दगड साफ केलाय. नराचा स्वतःचा रंग उतरून फिका पडलाय, डोळ्यांवरून एक गडद पट्टा. दगडावर गुलाबीसर अंड्यांचा थर आहे आणि तो त्याच्यासमोर अडून उभा आहे. माद्या अंडी घालून गेल्या, राखण याच्याकडे. मघाशी घोळक्यात सगळे सारखे वाटत होते ना?

राखीव हवेची दांडी खेचा. वर येऊन ॲक्वालंग उतरवा.

इथे मात्र जागा बदलावी लागते. 1905 च्या सुमारास पाण्याखाली मोकळं पोहत राहायची सोय नाही, आणि काचेच्या तळाच्या नावा चालतात त्या बेटाच्या दुसऱ्या टोकाला, ॲव्हलॉनला. लॉस एंजेलिसहून आगबोटीनं पर्यटक येतात, टोप्या सांभाळत बाकांवर बसतात आणि गुडघ्यांमधल्या काचेतून खाली बघतात. तुमच्या शेजारच्या बाई नारिंगी मासा दिसला की ओरडतात. काळ्या माशांचा ढग काचेखालून गेला तेव्हा त्यांनी वर बघून वल्हेकऱ्याला विचारलं, पाणी गढूळ झालं का? गावात याहून मोठी धामधूम आहे ट्यूनाची. चार्ल्स होल्डर यानं 1898 मध्ये दोरी आणि दांडीनं 183 पौंडांचा ब्लूफिन ट्यूना ओढला आणि त्याच वर्षी ट्यूना क्लब काढला. धक्क्यावर माशाला उलटा टांगून त्याच्या बाजूला उभं राहायचं, फोटो काढायचा. वीतभर माशाला कोण टांगणार. चला इथून.

बूट काढा. आगबोटही गेली, पुन्हा इस्थमसवर आलात. 1863.

किनाऱ्यावरचे खडे पायाला टोचतात. बेटावर मेंढ्या, गुरं, बकऱ्या आणि त्यांच्यामागे आलेले उपरे लोक. डोंगरात चांदी सापडणार अशी आवई उठलीय आणि खाणवाले कुदळी घेऊन चढतायत. अमेरिकेत यादवी युद्ध चालू आहे. येत्या जानेवारीत संघराज्याचे सैनिक इथे उतरतील, बेटाच्या याच बारीक कमरेवर बराकी बांधतील आणि काही महिन्यांत निघूनही जातील. बराकीची ती इमारत अजून उभी आहे. चांदीनं मात्र कुणाचं भलं केलं नाही.

या गडबडीत एक डॉक्टर हिंडतोय, जेम्स ग्रॅहम कूपर. जोसाया व्हिटनीच्या नेतृत्वाखाली कॅलिफोर्नियाचं भूगर्भीय सर्वेक्षण चाललंय, त्यात प्राणिशास्त्राची जबाबदारी याची. व्हिटनीला खरा रस खडकांत, सरकारला सोन्यात. कूपर पक्षी, शंख, मासे गोळा करतो. त्यानंच या माशाचं पहिलं शास्त्रीय वर्णन 1863 मध्ये केलं, ठिपकेवाल्या परांचा म्हणून. आजही त्या नावापुढे कंसात ‘कूपर, 1863’ असं लागतं.

तुम्ही बरणीत डोकावता. अल्कोहोलमध्ये एक मासा वाकून बसलाय. निळाई गेली, राहिला एक विटका तपकिरी रंग. परांचे काटे मोजता येतात, खवल्यांची रांग मोजता येते, दात दिसतात. वर्णन करायला हे पुरतं. हा मासा प्रवाहाकडे तोंड करून उभा राहतो, सेन्योरिटासमोर डोकं खाली घालतो, अंधार पडताना भावकीसकट कपारीत शिरतो, यातलं काहीही बरणीत येत नाही. कूपरचा यात दोष नाही. पाण्याखाली तासभर मोकळं पोहत राहायचं यंत्र यायला अजून 80 वर्षं आहेत.

मान वळवून आखाताकडे बघा. काहीतरी कमी आहे, आणि पहिल्यांदाच येणाऱ्याला ते कळणार नाही. पाणमांजरं नाहीत. रशियन, अमेरिकन, स्पॅनिश, सगळ्यांनी मिळून त्यांच्या कातड्यांसाठी या शतकाच्या सुरुवातीला त्यांना असं वेचून मारलंय की कॅलिफोर्नियातून ती संपली असंच लोक धरून चालतील. 1938 मध्ये बिग सरजवळ एक कळप सापडेपर्यंत. पाणमांजर गेलं की समुद्री साळू, म्हणजे काटेरी सी अर्चिन, वाढतात. ते केल्पचं बूड कुरतडतात. दक्षिणेकडे शीपहेड मासे आणि शेवंडी त्या साळूंना बऱ्यापैकी आवरतात, म्हणून इथलं जंगल टिकलंय. ब्लॅकस्मिथचा घोळका केल्पच्या कडेला तसाच आहे. सूर्य कलला की खाली. किनाऱ्यावरून तुम्हाला एवढंच दिसतं की मघाशी पाण्यात जी काळी सावली होती ती नाही.

सदरा उतरवा. 1602 मध्ये विस्काइनो येऊन संत कॅथरीनच्या सणाच्या दिवसांत बेटाला आजचं नाव देतो. 1542 च्या ऑक्टोबरात काब्रियो आला होता, त्यानं स्वतःच्या जहाजाचं नाव दिलं होतं, सान साल्वादोर, ते टिकलं नाही. दोन्ही वेळा लोक होडीतून सामोरे आले. बेटाला त्याआधीच नाव होतं, पिमू, आणि ते नाव देणारे टोंगवा लोक इथे राहत होते. शिडांकडे बघायला तुम्हाला वेळ नको. कमरेचं तेवढं सोडून बाकी सगळं टाका आणि आणखी मागे चला, त्यांचं राज्य निर्वेध चालू आहे तिथवर. नेमकं साल महत्त्वाचं नाही, तिथे कुणी साल मोजत नाही.

केल्पच्या छताखाली पाणमांजरं आहेत. एक उताणं पडून पोटावर शिंपला ठेवून दगडानं फोडतंय, ठक ठक आवाज किनाऱ्यापर्यंत येतो. तुम्ही छातीभर पाण्यात शिरून बुडी मारता. काच नाही, मुखवटा नाही, उघड्या डोळ्यांना सगळं पसरट आणि धुरकट. तरी खोल पाण्यातला तो गडद ढग ओळखू येतो. श्वास संपतो, वर येता. असं दोन-चारदा. चौथ्या वेळी ढग उतरणीला लागलेला असतो.

किनाऱ्यावर होडी भरली जातेय. तिला ते तिआत म्हणतात. वाहून आलेल्या लाकडाच्या फळ्या, कडांना भोकं पाडून वनस्पतीच्या दोरानं शिवलेल्या, आणि सांधे डांबरानं बुजवलेले. हे डांबर इथे समुद्रातूनच झिरपतं, गोळे होऊन वाळूवर लागतं. होडीत संगजिऱ्याची भांडी रचतायत. डोंगरातल्या खाणीत दगडाच्या अंगावरच भांड्याचा आकार कोरून मग ते तोडून काढतात. पलीकडच्या किनाऱ्यावर त्यांना मागणी आहे. एका म्हाताऱ्याच्या हातात ॲबलोनी शिंपल्याचा गोल गळ आहे, नखाएवढ्या चकाकीचा. तो शीपहेडसाठी. पांढऱ्या जबड्याचे शीपहेड होडीत पडलेलेही दिसतात. त्यांची हाडं पुढे उकिरड्यात जातील आणि कितीतरी शतकांनी कुणीतरी ती ब्रशनं साफ करून मोजील.

पलीकडे निघायचं पहाटे, वारा पडलेला असताना. आत्ता होडी फक्त शेजारच्या खाडीत हलवायची आहे, अंधार पडायच्या आत. तुम्हाला चढवून घेतात. दोन्ही टोकांना पातं असलेलं वल्हं तुम्ही ज्या पद्धतीनं धरलंत ते बघून एक जण हसतो, वल्हं काढून घेतो आणि तुमच्या हातात मोठा रिकामा शिंपला देतो. कारण लगेच कळतं. फळ्यांच्या एका सांध्यातलं डांबर उन्हानं तडकलंय आणि पाणी आत येतंय.

होडी बर्ड रॉकच्या बाजूनं निघते. पुढचा माणूस वाऱ्याकडे बघतोय, मागचा भांड्यांवर डोळा ठेवून आहे, एकही कलंडता कामा नये. खाली, दोन पुरुष खोलीवर, ब्लॅकस्मिथ एकामागून एक कपारीत शिरत असणार. बघायची तुमची फार इच्छा आहे. पण पाणी घोट्याच्या वर आलंय, म्हातारा काहीतरी ओरडतोय आणि ते तुम्हालाच उद्देशून आहे, तेव्हा उपसा, भराभर उपसा.